कागदावरचे पाच फूट

फकिरा मूळचा पेठ तालुक्यातला. नाशकात आला तो पहारीच्या जोरावर. चौऱ्याण्णवपासून शहरातल्या कितीतरी रस्त्यांखाली त्याच्या हातचा चर गेला. पाण्याचा म्हणा, टेलिफोनचा म्हणा. पण इथला काळा कातळ कुणाच्या बापाला भीत नाही! चर हवा पाच फूट, आणि तिसऱ्या फुटालाच पहार टणकन उडायची. मग त्याच्या खणणाऱ्या टोळीची युक्ती ठरलेली. निघालेली माती काठावरच दोन फूट उंच थापायची, पाणी मारून जमिनीसारखी करायची. उन्हाला कंटाळलेले साहेब वरून टेप सोडायचे. पाच भरले, चला पुढं.

दोन हजार तीनमध्ये आडवं भोक पाडणारं मशीन आलं. रस्ता न फोडता या कडेनं आत शिरायचं, त्या कडेला निघायचं. टोळीच्या पोटावरच पाय आला. फकिराची बायको रंगूबाई द्राक्षबागेत मजुरीला लागली, बाकीचे गावी परतले. दोन्ही टोकांचे खड्डे खणायला फकिराला तेवढा ठेवला. ही नोकरी तो जिवापाड जपायचा.

एका सकाळी गंगापूर रोडला इंजिनिअर ज्योत्स्ना मॅडमनी नकाशा पसरला. मशीनवाल्याला म्हणाल्या, "पाण्याचा पाइप पाच फुटांवर आहे. आपण भोक तीन फुटांवरून नेऊ, त्याच्या डोक्यावरून."

फकिरा खड्डा खणता खणता थांबला. त्या पाइपाचा चर त्याच्याच टोळीनं खणलेला, आणि तिथंही तिसऱ्या फुटाला कातळच लागला होता. बोलावं तर लबाडी उघडी पडून नोकरी जाणार. गप्प बसावं तर पाइप फुटून अख्खी कॉलनी कोरडी, आणि खापर बिचाऱ्या मशीनवाल्यावर. फकिराचं नाव कुणी घेणार नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"मॅडम, थांबा. पाइप तीनवरच हाय."

"मामा, कागदावर पाच आहे."

"कागदावरचे पाच मीच केलेत." मान खाली घालून त्यानं सगळं सांगून टाकलं.

मॅडमचा विश्वास बसेना. मग त्यानंच पहार उचलली आणि बेतानं खणत गेला. तीन फुटांवर पाइप लागला. मशीनवाल्यानं कपाळावर हात मारला.

"लाज नाही वाटली तेव्हा?" मॅडम कडाडल्या.

"तव्हा नाय वाटली. आता लय वाटते."

मॅडमनी नकाशाची घडी केली. मग म्हणाल्या, "उद्यापासून खड्डे दुसरं कुणी खणेल. तुम्ही मशीनच्या पुढं चालायचं, आणि असं कुठं कुठं केलंय ते दाखवायचं."

फकिरानं समोरच्या रस्त्याकडं टोकापर्यंत पाहिलं.

"कातळ लागला तिथं समद्या जागी, मॅडम."