खुलाशाला व्ह्यूज नसतात म्हणे

सोमवारी दाखल्याच्या कामाला खालापूरला गेले होते. स्टँडवर सुमनताई दिसली... आणि मला बघताच डोक्यावरून पदर ओढून पलीकडे निघाली.

सुमनताई चौक गावाच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत अंगणवाडी सेविका आहे. आमची जुनी ओळख. हात धरून थांबवली तेव्हा कळलं... एका लोकल न्यूज पेजवर तिचा फोटो आला होता. डोक्यावर गोणी आणि खाली लाल अक्षरांत 'पोषण आहारासह सेविका रंगेहाथ'.

खरं काय, तर वरच्या पाड्यावर तीन गरोदर बाया आहेत, एकीचा नववा महिना. त्यांना खाली उतरवत नाही, म्हणून त्यांची आहाराची पाकिटं हीच डोक्यावर घेऊन चढत होती. कुणीतरी फोटो काढून पेजवाल्याला पाठवला आणि त्याने एका शब्दाने तिला विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून निम्म्या आयांनी पोरं अंगणवाडीत पाठवणं बंद केलं.

माझं डोकंच फिरलं. कारण पेजवाला कोण, तर आमचे जुने संपादक! कर्जतला त्यांचं साप्ताहिक निघायचं तेव्हा नऊ वर्षं मी तिथे डीटीपी केलंय, कॉम्प्युटरवर पानं लावलीत. एकदा निधनाच्या बातमीत चुकून धाकट्या, जिवंत भावाचं नाव गेलं... तर याच माणसाने पुढच्या अंकात पहिल्या पानावर चौकटीत खुलासा छापला, वर अंक घेऊन त्या घरी हात जोडून आले.

तिथूनच फोन लावला. म्हणाले, चूक कळली तशी पोस्ट डिलीट केली, विषय संपला. मी म्हटलं, मग खुलासा टाका. त्यावर हसले...

"अगं, खुलाशाला व्ह्यूज येतात का?"

संताप संताप झाला. पोस्ट डिलीट केलीत, पण लोकांच्या डोक्यातून कोण डिलीट करणार? अंक बंद पडला, कागद परवडेना, हे मी समजू शकते... पण जनाची नाही तर मनाची तरी?

सुमनताईला घरी घेऊन आले. कॉम्प्युटर लावला, म्हटलं खुलासा मीच लिहिते. 'सुमनताईंनी कोणतीही चोरी केलेली नाही' असं पहिलं वाक्य टाइप केलं. तिने स्क्रीनवर 'चोरी'वर बोट ठेवलं... आणि हळूच म्हणाली,

"तो शब्दच नको, ताई. मी गोन कुनाला न्हेली, तेवढंच लिवा."

नऊ वर्षं खुलासे लावले मी, पण ही गोष्ट कधी सुचली नव्हती. नाही म्हणायलासुद्धा तो शब्द तिच्या नावाशेजारी बसतोच की... गुपचूप वाक्य पुसलं.

मग तिला विचारून एवढंच लिहिलं आणि वीस प्रिंट काढून चौक गावात नाक्यावर, रिक्षा स्टँडवर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवून आले.

'फोटोतल्या सुमनताई वरच्या पाड्यावरच्या तीन गरोदर बायांचा आहार पोचवायला दीड तास डोंगर चढून गेल्या. तिघींना तो मिळाला.'

तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी तो फोटो पुढे ढकलला असेल... त्यांनी त्याच ग्रुपवर, त्याच माणसांना, या दोन ओळीही पाठवा.