ग्रां बुआचा वर्ग आणि आमची न सुरू होणारी व्हॅन

मॉरिशसमधल्या जितक्या कॉलेजांत मी गेलोय, तितक्यांत एखादा प्रोफेसरसुद्धा गेला नसेल. सूयाकपासून पोर्ट लुईपर्यंत एक सोडलं नाही! आता, गेलो म्हणजे फाटकापर्यंत. पुढे साहेब लोक जायचे आणि मी व्हॅनमध्ये बसून दालपुरी खायचो. माझं स्वतःचं शिक्षण सिझेम, म्हणजे सहावी. तीही बरीचशी वर्गाबाहेर उभं राहून केलेली.

पण किस्से ड्रायव्हरजवळच साठतात. सीटखाली वाळू साठते ना, तसे. मुद्दाम कुणी आणून टाकत नाही, रोज कुणाच्या ना कुणाच्या बुटाला लागून येते. आज जरा सीट झटकतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. साखरेच्या मिलींत नवी यंत्रं येत होती, कपड्यांचे कारखाने निघत होते, आणि कॉलेजांनी, विद्यापीठानंही, कामकरी लोकांसाठी संध्याकाळचे वर्ग काढले होते. त्या वर्गांनी माणसाच्या कामात खरंच काही फरक पडतो का, हे तपासायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. म्हणजे मिस लीलाकडे. वाक्वामधल्या सरकारी नोकरदार घरातली मुलगी, अंगानं चिमणी, आवाजानं त्याहून बारीक. तिचं मराठी इस्त्री केलेलं, माझं अंगावरच वाळलेलं. पहिल्या दिवशी मी तिला पाहून मनात म्हटलं, हिला पहिलाच प्रिन्सिपल चहात बुडवून खाईल.

यादीत शेवटचं नाव ग्रां बुआ गावातल्या वर्गाचं होतं. दहा-बारा विद्यार्थी, एक मास्तर, शाळेची उसनी खोली. मिसनं 'चालू ठेवा' लिहिलं तर वर्ग राहणार, नाहीतर कुलूप. आणि त्या वर्गात माझा मेहुणा गणपत बसत होता. मिलीत वीस वर्षं फिटरचा हेल्पर. पहिलं वर्ष संपत आलं होतं. दुसरं झालं की हातात कागद आणि गणपत फिटर. वर्ग बंद झाला की गणपत जन्मभर दुसऱ्याच्या हातात पाना देणारा. सरूनं, माझ्या बायकोनं, मला बजावून ठेवलं होतं, "मिस तुमच्या गाडीत बसते. माझ्या भावासाठी एवढं तोंड उघडा. एरवी मिटत नाही."

*

फिनिक्सकडचं एक कॉलेज. नाव सांगत नाही, तिथले प्रिन्सिपल अजून मला पाहून रस्ता बदलतात. त्यांच्या वर्कशॉपमध्ये लोखंड कातायचं मोठं लेथ मशीन. अशी चमक, की त्यात बघून दाढी करावी. प्रिन्सिपल म्हणाले, इथे आठवड्याला चार संध्याकाळी मुलं काम करतात.

मिसनं मान डोलावली, छान छान म्हणाली, आणि बाहेर येऊन मला हळूच सांगितलं, "शंकरभाऊ, मागची कचराकुंडी बघून याल?"

मी गेलो. केळीची सालं, कागद, तुटलेला खडू.

"लोखंडाचा कीस?"

"एक कण नाही, मिस."

तिनं वहीत एवढंच लिहिलं : 'मशीन आहे. कीस नाही.' मी तिच्याकडे बघतच राहिलो. आयुष्यभर मी लोकांना फसवत आलो, पण कुणी फसवतंय हे त्याच्या कचऱ्यात शोधावं, हे मला कधी सुचलं नव्हतं!

*

सूयाकला मी एक गंमत केली. लग्नासाठी घेतलेला टाय गाडीत होता. तो घातला, मिसला म्हटलं मी पुढे जाऊन वर्दी देतो, तुम्ही सावकाश या, आणि पुढे गेलो. फाटकावर हार घेऊन उभी असलेली मंडळी माझ्यावरच तुटून पडली. खुर्ची, फ्रेंच केक, चहा. मी दर पाच मिनिटांनी भुवया चढवून "आणि निकाल?" एवढंच विचारत होतो. त्यावर प्रिन्सिपल दहा मिनिटं बोलत. साहेब व्हायला याहून जास्त लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

अर्ध्या तासानं मिस आली. मी केक खाली ठेवला. नोकरी गेली म्हटलं. तिनं माझी ओळख करून दिली, "हे आमचे ड्रायव्हर," आणि प्रिन्सिपलांचा चेहरा उकडलेल्या शेवग्यासारखा झाला.

गाडीत बसलो. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "तुम्हाला केक चारत होते, तेवढ्यात मी तिन्ही वर्ग नीट बघून घेतले. उद्या पण टाय घाला."

त्यानंतर महिनाभर मी सरकारी पैशानं केक खाल्ले. तिनं वर्ग बघितले.

*

एका कॉलेजात कपड्यांच्या कारखान्यातल्या बायकांचा वर्ग होता. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. हजेरीपट असा, की एकही गैरहजर नाही. मास्तर म्हणाले, बायकांना शिकायची फार भूक. मीही भारावलो.

मिसनं हजेरीपट मिटला आणि मला विचारलं, इथून शेवटची बस कधी? मी म्हटलं सव्वासहाला. ड्रायव्हरला दुसरं काय ठाऊक असणार!

सहा वाजता आम्ही बस स्टॉपवर. अख्खा वर्ग तिथे उभा, वह्या पदराखाली. मिस त्यांच्यात जाऊन उभी राहिली. कुणाला मशीनची सुई का तुटते ते शिकायचं होतं, कुणाला सुपरवायझरचा इंग्रजी कागद वाचायचा होता. कॉलेजात त्यांना अर्धा तास मास्तरांच्या प्रवासाच्या गोष्टी मिळत. मिसनं तिथेच, बस येईपर्यंत, एकीच्या तळहातावर बोटानं सुई कशी बसवायची ते दाखवलं. ती बाई मला म्हणाली, "ऐ, ही रोज का नाही येत?"

रिपोर्टमध्ये मिसनं काय लिहिलं माहीत नाही. पण पुढच्या महिन्यात तो वर्ग कारखान्यातच भरू लागला, दुपारच्या सुट्टीला लागून.

आता मला भीती वाटायला लागली. जी बाई बसचं टाइमटेबल लावून कॉलेज तपासते, ती ग्रां बुआच्या फुटक्या खोलीचं काय करील?

*

म्हणून वाटेत मी तोंड उघडलं. म्हटलं मिस, तिथे माझा मेहुणा आहे, हुशार आहे, गरीब आहे, जरा सांभाळून घ्या. ती खिडकीतून ऊस बघत म्हणाली, "मेहुणा आहे हे बरं सांगितलंत. आता त्याच्याबद्दल तुमचं काही ऐकायला नको." संपलं! गाडी खड्ड्यात घालावीशी वाटली.

ग्रां बुआला गेल्यावर ती वर्गाकडे वळलीच नाही, थेट मिलीत गेली. गणपतच्या शेफला, म्हणजे मुकादमाला, गाठलं. तोंडात विडी, पोट पुढे, वर्षभर धुमसत असलेला राग तयार. मिसनं विचारलं, वर्गाला जायला लागल्यापासून गणपतमध्ये काय फरक पडला?

"बिघडला," शेफ म्हणाला.

सरूला काय सांगायचं, ते मी मनात जुळवू लागलो.

पूर्वी सांगेन ते करायचा, शेफ सांगू लागला. आता विचारतो, का? परवा रसाचा पंप थरथरत होता. मी म्हटलं बोल्ट आवळ. हा म्हणतो बोल्टाचा दोष नाही, मोटर आणि पंप एका रेषेत नाहीत. सुतळी लावून दाखवली मला, सगळ्यांसमोर. पंप बंद करायला लावला.

"आणि रेषेत होते का?" मिसनं विचारलं.

"नव्हते ना!" शेफ ओरडला. "तेच तर सांगतोय!"

मिसनं ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. मी मोटर आणि पंपाकडे बघत होतो. वीस वर्षं ज्या माणसाला मी दिवाळीत फटाके खुर्चीखाली लावून पळवला, तो सुतळीनं अख्खी मिल थांबवतो?

*

संध्याकाळी वर्गात गेलो. बाकं मुलांची, गुडघे मोठ्यांचे. मास्तर गोविंद सर घामाघूम. मशीन एकही नाही. त्यांची एकच रीत होती. आठवड्यात कुठेही काही दुरुस्त केलं की प्रत्येकानं एका पुठ्ठ्याच्या कार्डावर तीन रकाने भरायचे : बिघाड, कारण, उपाय. कार्ड भरल्याशिवाय काम झालं असं सर मानत नसत. मिसनं कार्डं चाळली. काही कोरी, काहींवर तेलाचे डाग. तिचा चेहरा मला वाचता येईना.

मला राहवेना. मी बाहेर आलो, बॉनेट उघडलं, इंजिनाला ठिणगी पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढून आतला रोटर, अंगठ्याएवढा तुकडा, खिशात टाकला आणि टोपण पुन्हा बसवलं. त्याच्याशिवाय गाडी जन्मात सुरू होत नाही. डोक्यात हिशेब असा, की गाडी चालत नाही, गणपत खटपट करतो, मी गुपचूप तुकडा त्याच्या हातात सरकवतो, गाडी सुरू, मिस खूश, वर्ग वाचला, सरू खूश.

मिस निघाली. मी चावी फिरवली. गाडी नुसती कण्हली. सगळा वर्ग बाहेर आला. मी गळा काढला, अरे गणपत, बघ रे, तुझ्याशिवाय कोण!

गणपत आला. मला पुन्हा चावी फिरवायला लावली, कान देऊन ऐकलं. एक वायर हातात धरून ठिणगी पाहिली. मग टोपण उघडलं, आत बघितलं आणि बंद केलं. सगळं मिळून एक दालपुरी खायला लागतो तेवढा वेळ! मग माझ्याकडे आला आणि हात पुढे केला.

मी इकडे तिकडे बघितलं. हात तसाच. मी तुकडा दिला.

गाडी सुरू झाली. पण गणपत वर्गात गेला, एक कार्ड आणलं, बॉनेटवर ठेवून सावकाश, जीभ दातांत धरून लिहिलं आणि गोविंद सरांना दिलं. सरांनी वाचलं आणि घाम पुसला. मिसनं त्यांच्या हातातून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"बिघाड : गाडी सुरू होत नाही. कारण : टोपण क्लिपांसकट जागेवर, आतला भाग नाही, म्हणजे आपोआप पडलेला नाही. भाग बहिणीच्या नवऱ्याच्या खिशात."

वर्ग हसायचं थांबेपर्यंत ती थांबली. मग फाइल उघडून ते कार्ड आपल्या रिपोर्टला टाचणीनं लावलं. पुन्हा एकदा बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"गणपत, उपायाचा रकाना रिकामा का?"

गणपतनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"भावजींवरचा उपाय दुसऱ्या वर्षाला असेल, मिस. वर्ग राहिला तर."