बंदीतल्या बीडातून मेंढरं

आमचं धनगराचं घर लिंबागणेशाच्या वरच्या अंगाला. डोंगरावरचा चारा वाळला की मेंढरं घेऊन आम्ही खाली उतरायचो आणि बीड ओलांडून गेवराईकडं, गोदावरीकाठच्या काळ्या रानांत जायचो. तिथले शेतकरी रानात मेंढरं बसवून घेत आणि खताच्या बदल्यात ज्वारी घालत. राज्य निजामाचं होतं. राज्याचं आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की शिपाई दिसला की मेंढरं कडेला घ्यायची आणि मान खाली घालायची.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. माझी पहिली लेक अंगावर पीत होती, तिला अजून दातही आले नव्हते. बिंदुसरा नदीच्या अलीकडं आम्ही पाल ठोकलं. गावाच्या पलीकडच्या एका मळ्यात मेंढरांना पाला मिळणार होता, आणि वाटेत बाजारात मला लोकर विकून मीठ-मिरची घ्यायची होती. म्हणून लेकीला आणि कोकरांना सासूजवळ ठेवून मी आणि माझे मालक एक मेंढा आणि माद्यांचं खांड, म्हणजे कळप, घेऊन सकाळी गावात शिरलो.

"आत्याबाई, दुपारच्या आत येते," मी सांगितलं.

"ये सावकाश. शेळी हाय की दुधाला," त्या म्हणाल्या.

बाजाराच्या तोंडाशी आलो आणि समोरून माणसं पळत आली. ज्वारीच्या गाड्या भरून गावाबाहेर निघाल्या होत्या, त्या लोकांनी अडवल्या होत्या. आमच्या पोटाला काही नसताना धान्य कुठं नेता, असं म्हणत पोरं चाकांपुढं आडवी झाली. कुणीतरी दगड टाकला आणि एका शिपायाचं डोकं फुटलं. हे सगळं आम्हाला मागून कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की लाठ्या घेतलेले शिपाई येताहेत आणि वाटेत सापडेल त्याला जवळच्या दारात ढकलताहेत. जवळच एक सराय होती, वाटसरूंना उतरायची. आम्हाला मेंढरांसकट तिच्या आवारात कोंबलं आणि बाहेरून फाटक ओढून घेतलं.

थोड्या वेळानं दवंडी आली. पुढचा हुकूम होईपर्यंत कुणी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. सकाळी घटकाभर बायकांनी पाणी भरून घ्यावं. वेशी बंद. रस्त्यावर दिसेल त्याला धरलं जाईल. लोक त्याला नुसतं 'बंदी' म्हणायचे.

सरायीच्या आडात तळाशी चिखल होता. माणसांपुरतं पाणी कसंबसं निघालं, मेंढरांना काय पाजणार? दुपार कलली तशा माद्या कोकरांसाठी ओरडायला लागल्या. त्यांचे सड भरून आले होते. माझीही चोळी भिजली. मी भिंतीकडं तोंड करून बसले आणि लुगड्याचा पदर छातीशी घट्ट धरला. मालक नुसते येरझाऱ्या घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फाटकाच्या फटीतून शिपायाला हाक मारली. "साहेब, आमचं तान्हं लेकरू नदीवर हाय. मला ठेवा हवं तर, हिला तेवढी जाऊ द्या."

शिपायानं फटीतून लाठी आत खुपसली. ती त्यांच्या खांद्याला लागली. "हुकूम न्हाई," तो म्हणाला. तोही आमच्याच बाजूचा कुणीतरी होता, बोलण्यावरून कळत होतं.

तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही. आजवर कधी मोठ्यानं रडले नव्हते, तशी रडले. मेंढरांचा आवाज होताच, त्यात माझा.

"कोण गं बाई तू? कावून रडतीस?"

आवाज वरून आला. सरायीच्या भिंतीला लागूनच एक घर होतं. त्याच्या माळवदावरून एक बाई वाकून बघत होती. कपाळाला ठसठशीत कुंकू, डोक्यावर पदर. नंतर कळलं, त्या गावातल्या एका वकिलाच्या कारभारीण. मी सगळं सांगितलं. लेकरू म्हटल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि तशाच आत गेल्या. मला वाटलं, गेल्या त्या गेल्या. पण त्या परत आल्या त्या दोराला कळशी बांधून. आधी मला पाणी प्यायला लावलं, मग म्हणाल्या, "थांब. ह्यांच्या मंडळीला सांगते."

ती मंडळी कोण, हे सांगायला हवं. गावात चार-पाच माणसं होती. हे वकील, उर्दू मदरशातले एक मास्तर, एक म्हातारे वैद्य, आणि कापडाचं दुकान असलेले एक शेटजी. कुणाला वेठीला धरून ओझी वाहायला लावली, कुणाला विनाकारण कोठडीत टाकलं, तर हे लोक कचेरीत जाऊन विचारायचे. त्यांच्यापाशी अधिकार काही नव्हता. सभा घ्यायची तरी परवानगी लागायची, आणि ती मिळत नसे. लोक त्यांना 'मंडळी' म्हणत, दुसरं नाव मी कधी ऐकलं नाही.

बंदीत रस्त्यावर यायची सोय नव्हती, म्हणून ते माळवदांवरून आले. बीडातली घरं एकमेकांना चिकटलेली, माथ्यावर मातीची सपाट माळवदं. मास्तर शेरवानीचा घोळ वर धरून कठडा ओलांडत होते आणि वैद्यबुवांना दोघं जण हात देत होते. एवढ्या दुःखातही मला त्याची गंमत वाटली, ते आजही आठवतं. वकिलांच्या माळवदावर ते गोल करून बसले. मी खालून बघत होते. आवाज चढायचे, पुन्हा खाली यायचे. शेटजी म्हणत होते, "आज तोंड उघडलं तर दंगा आपणच केला म्हणतील." त्यावर वकील काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण शेवटी शेटजींनीच होकाराची मान हलवली.

वकिलांनी माळवदावरूनच चौकीच्या शिपायाला हाक मारून अमीनसाहेबांना बोलावणं धाडलं. पोलिसांचा मोठा अंमलदार म्हणजे अमीन. ते आले तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. सरायीचं फाटक उघडून ते आत आले. वकील आणि मास्तर शिडी लावून आवारात उतरले. बाकीचे वरच थांबले.

"वकीलसाहेब, हुकूम सगळ्यांना सारखा आहे," अमीन म्हणाले.

"हुकूम माणसांना आहे. मेंढरांनी कुणाची गाडी अडवली?"

अमीन हसले नाहीत. "मेंढरांच्या मागं माणसं असतात."

"मग मागं आम्ही चालतो," वकील म्हणाले. "गावात कितीतरी परगावचे लोक असेच अडकून पडलेत. बायकांना पाणी एकदाच भरता येतं. बाळंतिणीकडं सुईण जाऊ शकत नाही. हे सगळं आम्हाला जिल्ह्याच्या तालुकदार साहेबांपुढं मांडायचंय. पण आधी हिला हिच्या लेकराकडं जाऊ द्या."

"आणि वाटेत पुन्हा दगड पडला तर?"

मास्तर पुढं झाले. "तर आम्हाला धरा. आम्ही दोघं आत्ताच चौकीत बसायला तयार आहोत. बंदी उठेपर्यंत. एक खडा जरी पडला, तरी मुजरिम आम्हीच."

अमीनसाहेबांनी एकवार मेंढरांकडं बघितलं, एकवार मास्तरांकडं. मग म्हणाले, "हे खांड गावातून नीट बाहेर पडलं, कुणी हूं की चूं केलं नाही, तर बाकीच्यांचं साहेबांपाशी मी बोलतो. नाही तर तुम्ही आणि तुमचं नशीब."

म्हणजे सगळ्या गावाची सुटका आमच्या मेंढरांच्या पायांवर येऊन पडली. मेंढरं तहानेनं वेडी झालेली, पाण्याचा वास आला की चौखूर उधळायची. मी मास्तरांना तसं सांगितलं.

"घाबरू नको, बेटी," ते म्हणाले. "तेवढी सोय करतो."

शेटजी आणि वैद्यबुवा माळवदांवरून निघाले. एका घरानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगितलं. आम्ही ज्या रस्त्यानं जाणार तिथं कुणी बाहेर यायचं नाही, कुणी घोषणा द्यायची नाही, कुणी खिडकीतून काही फेकायचं नाही. ज्याला देता येईल त्यानं उंबऱ्याबाहेर पाणी ठेवायचं आणि दार लोटून घ्यायचं.

दुपारी फाटक उघडलं. पुढं वकील चालत होते, डोक्यावर पगडी, हातात छत्रीसुद्धा नाही. त्यांच्या मागं मालक आणि मेंढा, मग खांड, मग मी, आणि सगळ्यांत मागं मास्तर. दोन्ही बाजूंना शिपाई. एरवी बाजारात माणसाला माणूस धडकायचं, आज फक्त खुरांचा आवाज. दुकानांच्या फळ्या लागलेल्या. कालचे दगड अजून रस्त्यात पडले होते.

पहिल्या वळणावर मला परात दिसली, पाण्यानं भरलेली. पुढं एक काठवट. पुढं घमेलं, हंडा, लाकडी डोण, कुणाचं तर पूजेचं तांब्याचं ताम्हण. उंबऱ्याउंबऱ्याशी पाणी. दारं बंद, पण फटीफटीतून डोळे. सकाळी घटकाभरात जेवढं भरता आलं, त्यातलंच ते पाणी होतं, आणि घरात लेकरंबाळं सगळ्यांनाच होती. हिंदूंच्या घरापुढं होतं, मुसलमानांच्या घरापुढंही होतं. पाणी जागोजाग असल्यामुळं मेंढरं एकाच ठिकाणी तुटून पडली नाहीत, पांगून प्यायली. ती पीत असताना शिपाईसुद्धा थांबले. सकाळी लाठी खुपसणाऱ्यानं तर एक कलंडलेलं घमेलं पायानं सरळ केलं.

एका दाराची फट थोडी मोठी झाली आणि एका म्हातारीनं माझ्या हातात भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा ठेवला. "खा, म्हंजी दूध येईल," एवढंच पुटपुटली आणि दार लावून घेतलं. तिचा चेहरा मला नीट दिसलाही नाही.

वेस आली. अमीनसाहेबांनी खूण केली आणि दरवाज्यातली छोटी दिंडी नव्हे, अख्खा दरवाजा उघडला गेला. वकील बाजूला झाले. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाले, "आता ते नको, पळ. लेकरू वाट बघतंय."

आणि मी खरंच पळाले. मेंढरांच्या पुढं पळाले. नदीच्या वाळूत पाल दिसलं, पालापुढं आत्याबाई लेकीला खांद्यावर टाकून उभ्या. रात्रभर त्यांनी कापडाच्या बोळ्यानं तिला शेळीचं दूध पाजलं होतं. लेक माझ्याकडं आली आणि अंगावर पिऊ लागली. तोवर मागून खांड पोचलं. कोकरं सुटली आणि ज्याला त्याला आपापली आई सापडली. आत्याबाई मला काही विचारत होत्या, त्या गदारोळात मला ऐकू येत नव्हतं. मी नुसती हसत होते आणि डोळे वाहत होते.

वकील आणि मास्तर मात्र वेशीतून घरी गेले नाहीत. शब्द दिल्याप्रमाणं चौकीत जाऊन बसले आणि बंदी उठेपर्यंत तिथंच राहिले. हे आम्हाला पुढं कळलं. आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी परगावच्या लोकांना सोडलं, पाणी दोन वेळा भरायची मुभा झाली, सुईणीला आणि वैद्याला फिरायची मोकळीक मिळाली. गाड्या अडवणारी पोरं मात्र लवकर सुटली नाहीत. त्यांच्यासाठी मंडळी पुष्कळ दिवस कचेरीच्या पायऱ्या झिजवत होती.

पुढल्या साली त्याच वाटेनं निघालो तेव्हा आत्याबाईंनी त्या खांडाच्या लोकरीची दोन घोंगडी विणून घेतली होती. ती घेऊन, लेकीला काखेत मारून मी वकिलांच्या घरी गेले. वकील कचेरीत होते. वकीलीणबाईंनी मला ओळखलं. एक घोंगडं ठेवून घेतलं, दुसरं मास्तरांच्या घरी पोचवते म्हणाल्या. बसवून घेतलं, जेवू घातलं.

बोलता बोलता मी म्हणाले, "साहेबांना लई हिंमत. आमी तर शिपाई बघूनच थरथरतो."

त्या हसल्या. "हिंमत कसली गं? चौकीतून घरी आले तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचं भांडं राहीना. भांडं मी धरलं, तेव्हा प्याले. मास्तरांचंही तसंच झालं म्हणे."

तोवर मला वाटायचं, शिकलेल्या माणसांना साहेबाची भीती नसते, म्हणून ती पुढं होतात. पण वकील आणि मास्तर आमच्याइतकेच भ्यालेले होते, आणि तसेच भीत भीत भर दुपारी माझ्या मेंढरांच्या पुढं-मागं चालले. हे कळल्यापासून त्यांचे उपकार मला फार मोठे वाटतात. आता मी म्हातारी झाले. लिहायला सुनेनं उतारवयात शिकवलं. ते दोघंही राहिले नाहीत. पण उंबऱ्याउंबऱ्यावर ठेवलेलं ते पाणी, आणि ते ठेवणारी, नावं न कळलेली माणसं, माझ्या मनातून कधी गेली नाहीत.

वकीलीणबाईंनी त्या दिवशी माझ्या लेकीला मांडीवर घेतलं आणि दुधात भाकरी कुस्करून भरवली. आता तिला वर-खाली दात आले होते. तिनं त्यांचं बोट चावलं, तशा त्या केवढ्यानं तरी हसल्या.