पलीकडून येणारा आवाज

येडशीत मल्लिनाथअप्पांचं गॅरेज आहे. बायको पार्वतम्मा वारल्यापासून ते एकट्यानं होणारी कामंच घेत. गॅरेजात आता पान्यांखेरीज दुसरा आवाज नसे. पण तेर गावच्या ज्ञानोबांच्या जुन्या डिझेल जीपचा मागचा एक्सल त्यांच्या दारातच मोडला, तेव्हा नाही म्हणता येईना.

चाक आणि ड्रम काढून अप्पांनी एक्सल ओढला, तर निम्माच हाती आला. उरलेला तुकडा दोन्ही चाकांमधल्या लोखंडी नळीत अडकला होता आणि तो निघाल्याशिवाय नवा एक्सल बसणार नव्हता. त्यांनी दुसऱ्या बाजूचाही एक्सल उपसला. आता तिकडून गजानं ढकलायचं आणि इकडून तारेच्या फासानं ओढायचं, तेही एकाच वेळी. अप्पा एकटेच दोन्हीकडं धावत राहिले. फास दर खेपेला सुटला.

"अप्पा, म्या ढकलू का?" ज्ञानोबांनी विचारलं.

"ढकला. पण बोलत ऱ्हावा."

"काय बोलू?"

"काय बी. आमची पार्वतम्मा ढकलताना शेजारणींच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. जोर लावला की तिचं बोलणं थांबायचं. तवा म्या ओढायचो."

"माझी म्हैस लई द्वाड हाय बगा," ज्ञानोबांनी सुरुवात केली. "काल धार काढताना बादलीच..."

आवाज थांबला. अप्पांनी ओढलं. तुकडा अलगद हातात आला.

पलीकडं ते कळलंच नव्हतं. "...लाथाडली की! बायको म्हणती, इकून टाका," ज्ञानोबा सांगतच होते.

अप्पा तेलकट तुकडा हातात धरून बसून राहिले. निघाला म्हणून सांगायची त्यांना घाई नव्हती.