अर्धं गाणं ओट्याजवळ

न्यू टाउनच्या घरात नातवानं सिनेमा बघायला पाच स्पीकर आणलेत. ते एकदम बोलू लागले की माझा जीव शिणतो. पण खोकी उघडताना नव्या पॉलिशचा वास आला, आणि सत्तर सालच्या सुमाराचं ते स्टिरिओचं प्रदर्शन आठवलं.

हे गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून दमून आलेले, तरी मी त्यांना स्टिरिओ बघायला ओढत नेलं. नवं लग्न, बंगाली येत नाही, दिवसभर बोलायला कुणी नाही. स्वयंपाक करताना मला सोबतीला आवाज हवा होता.

स्पीकरच्या दोन पेट्या बघून मी शहाणीनं विचारलं, "एक बैठकीत आणि एक ओट्याजवळ ठेवली तर?"

"बौदी, फिर आधा गाना रसोई में रह जाएगा," विक्रेता मला बंगालीत वहिनी म्हणत म्हणाला.

"हिला अर्धं पुरेल," हे म्हणाले. "पण बदली झाली की पहिलं हेच फुटणार. नको."

त्या संध्याकाळपासून हे स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून पेंगत पेंगत मला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवू लागले. मी महामूर्ख, पेट्या घेतल्या नाहीत म्हणून फुगलेली. आठवडाभर भांडी अशी आपटली, की त्यांचं एक अक्षरही मला ऐकू आलं नाही.