ताईच्या दारात आलेला कॅमेरा

आमच्या ठाकुर्लीच्या घरात संध्याकाळी तो कार्यक्रम लागला की अप्पांशी कोणी बोलायचं नाही, असा जणू नियमच होता. पोलिसांच्या छाप्यांचा कार्यक्रम. खरे पोलिस, खरी घरं, खरे आरोपी, फक्त चेहरे धूसर केलेले. माझे वडील अंबरनाथच्या एका कंपनीतून फोरमन म्हणून रिटायर झालेले. आयुष्यात कधी कुठल्या चौकीची पायरी चढले नव्हते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. दोन कानाखाली दिल्याशिवाय ही माणसं खरं बोलत नाहीत, हे ते दर भागात एकदा तरी म्हणायचेच. मी बँकेतून दमून यायचे, ऐकून सोडून द्यायचे.

माझी मोठी बहीण तेव्हा डोंबिवलीत, मानपाड्याच्या बाजूला राहायची. भावोजी एमआयडीसीत शिफ्टला, आणि ताई घरी पहिली-दुसरीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. भावोजींचा धाकटा भाऊ काही महिने त्यांच्याकडे राहून गेलेला. गॅरेजमध्ये कामाला आहे म्हणायचा, पण त्याच्या येण्याजाण्याचं काही खरं नव्हतं. भावोजींनी दिवाळीआधीच त्याला वेगळी खोली बघायला लावली होती. तो चोरीच्या बाइक विकणाऱ्यांमध्ये आहे, हे त्यांना पुढे पोलिसांकडूनच कळलं.

पोलिस सकाळी आले, दुसऱ्या जिल्ह्यातून. भावोजी कामावर गेलेले, ताई कुकर लावत होती. त्यांनी दिराचा पत्ता विचारला, कपाटं उघडून बघितली, गाद्या उलट्या केल्या आणि चौकशीसाठी तिला घेऊन गेले. बरोबर महिला पोलिस होती, कोणी वेडंवाकडं बोललं नाही, दुपारी सोडलंही. पुढे दीर शहाडला सापडला. तुमच्या मिसेसचा यात काही संबंध नाही, असं त्यांनीच भावोजींना सांगितलं. बरोबर एक कॅमेरावाला होता, हे ताईने आम्हाला सांगितलेलं. पण पोलिस त्यांच्या रेकॉर्डसाठी शूटिंग करत असतील, असं तिला वाटलं आणि आम्हालाही.

बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते आणि अप्पा चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर. पडद्यावर एका फ्लॅटचं दार उघडलं. मॅक्सीवर ओढणी घेतलेली एक बाई, चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं. निवेदक जड आवाजात विचारत होता, की या वहिनीने आपल्या चोर दिराला कुठे लपवलंय? बाई म्हणाली, तो इथे राहत नाही.

अप्पा म्हणाले, "बघ, कशी साळसूद उभी आहे. दारात पोलिस आणि आवाजात कंप नाही. पक्की आहे."

मी वर बघितलं तर दारावर आईने ताईसाठी विणलेलं मण्यांचं तोरण होतं. तेवढ्यात ती बाई पुढे म्हणाली, आता माझ्या शिकवणीची मुलं येतील हो. अप्पांनी कप खाली ठेवला.

"ही आपली आहे," ते म्हणाले.

मी रिमोट शोधायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं आणि शेवटपर्यंत बघितलं. ताईला गाडीत बसवताना दाखवलं. सोडलं, ते दाखवलं नाही.

बिल्डिंगमध्ये ज्यांनी तो भाग बघितला नव्हता त्यांनाही दुसऱ्या दिवशी मोबाइलवर मिळाला. ताईला तोंडावर कोणी काही बोललं नाही. शिकवणीची मुलं मात्र कमी व्हायला लागली. एकीला कराटे लावलं होतं, एकाची आजी आता घरीच अभ्यास घेणार होती. समोरच्या काकू जिन्यात कोणाला तरी सांगत होत्या, की पोलिस काय उगाच कोणाच्या घरी येतात का, माझ्या का नाही आले? मी त्या व्हिडिओखालच्या कमेंट वाचल्या. अशा बायकांना आधी आत टाका, असं लिहिणाऱ्यांचे फोटो साध्या, संसारी माणसांचे होते. कोणी लेकीला कडेवर घेतलेलं, कोणी गणपतीसमोर उभं.

अप्पा आणि मी त्या पथकाच्या साहेबांना भेटायला गेलो. साहेबांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. चेहरा झाकलाय ना काका, म्हणाले. या कार्यक्रमामुळेच लोकांचा पोलिसांवर विश्वास बसतो, तुम्ही बघता की नाही? अप्पा हो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, की माझ्या मुलीचा गुन्ह्याशी संबंध नाही एवढं लिहून मिळेल का. साहेबांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

"त्यांच्या नावावर गुन्हाच नाही, काका. मग सुटल्याचा कागद कुठून देऊ?"

पावसाळ्याआधी ताई आणि भावोजी डोंबिवली सोडून लांब कोलशेतला भाड्याने गेले, एका टॉवरमध्ये, जिथे शेजारच्याला शेजारचा माहीत नसतो. भावोजी तिथून एमआयडीसीत जातात, घरी झोपायलाच येतात. ताईने शिकवण्या पुन्हा सुरू केल्या नाहीत.

आम्ही तिच्याकडे गेलो असताना एकदा तिने आपण होऊन त्या सकाळचं सांगितलं. पोलिसांनी बेल वाजवली तेव्हा ती इतकी घाबरली की भिंतीला धरून उभी राहिली. पण कॅमेरावाला तेव्हा जिन्यातच मागे राहिलेला. तो वर आल्यावर साहेबांना म्हणाला, सर, एक बार फिर से. मग सगळे बाहेर गेले, दार लावायला सांगितलं आणि पुन्हा बेल वाजवली.

"तोवर मी सावरले होते," ताई म्हणाली. "साहेब म्हणाले म्हणून परत उघडलं. टीव्हीवर दाखवलं ते दुसऱ्यांदाचं."

अप्पा उठले. बाल्कनीत जाऊन उभे राहिले, खाडीच्या बाजूला तोंड करून. त्या संध्याकाळी टीव्हीसमोर ते काय बोलले होते, ते ताईला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

आता आमच्याकडे तो कार्यक्रम लागत नाही. अप्पा सकाळी फिरायला जातात, तिथल्या बाकावर त्यांच्या वयाची मंडळी रोजचा पेपर घेऊन बसतात. कुठे कोणाला पकडलं, कोणाला गोळी घातली, बरं झालं की वाईट, यावर जोरात चालतं. पूर्वी अप्पांचा आवाज सगळ्यात मोठा असायचा. परवा कोणीतरी त्यांना विचारलं, तुमचं काय मत? अप्पा म्हणाले, मला ऊन लागतंय, आणि उठून घरी आले.