करीम मिस्त्रींचं बोलणं

फोन शबानाचा होता. ती माझी जुनी विद्यार्थिनी. जन्मापासून कर्णबधिर, आणि आता आमच्याच निवासी शाळेत मुलींना शिवणकाम शिकवते. तिचा फोन नेहमी व्हिडिओवरच येतो. त्या सकाळी तिच्यामागे महागावच्या घराचं अंगण दिसत होतं आणि अंगणात माणसं उभी होती. तिने उजव्या मुठीने हवेत पाना फिरवल्यासारखं केलं. तिच्या वडिलांना शाळेतल्या मुलांनी दिलेलं ते नाव. मग तोच हात तिने सावकाश उलटा केला आणि तसाच धरून ठेवला... करीमभाई गेले होते. फोनमधून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. तो आम्हा दोघींपैकी फक्त मला ऐकू येत होता.

महागावच्या बसस्टँडजवळ करीमभाईंचं ट्रॅक्टर आणि इंजिनं दुरुस्त करण्याचं गॅरेज होतं. छोट्या शबानाला घेऊन ते पहिल्यांदा यवतमाळला आले तेव्हा मीही नोकरीत नवीच होते. पोरगी त्यांच्या पँटला दोन्ही हातांनी धरून उभी होती. त्यांनी मला एकच विचारलं, “मॅडम, हिले बोलता येईन ना?” मी म्हटलं, प्रयत्न करू. त्या वेळी आमच्याकडे सगळा भर उच्चारांवर असे. मुलांना आरशासमोर बसवायचं, ओठ कसे मिटायचे ते दाखवायचं, त्यांचा हात आपल्या गळ्यावर ठेवून आवाजाची थरथर जाणवून द्यायची. वर्गात हातांच्या खुणा चालत नसत. वसतिगृहात मात्र मुलं दुसरं काही बोलतच नसत. पालकांच्या पहिल्याच रविवारी करीमभाई मुलांच्या पंगतीला बसले आणि बाहेर येऊन हसत म्हणाले, “वर्गात तं सारी चूप बसतेत, अन् इथं पाहा, किती गोंधळ करून राह्यली पोरं!” इतक्या शांत खोलीतला गोंधळ ऐकू आलेला तो मला भेटलेला पहिला पालक.

मग ते दर पालकभेटीला यायचे आणि मुलांकडून खुणा शिकायचे. विद्यार्थी म्हणून फार हुशार नव्हते. ग्रीसने काळी झालेली जाड बोटं सगळ्याच खुणा सारख्या करायची. काल आणि उद्या यांची तर त्यांनी कायम गल्लत केली. घरच्या बोलीत दोन्हीला ‘कल’च, त्यामुळे हात पुढे न्यायचा की मागे, हे त्यांना कधी साधलंच नाही. निघताना पोरीला ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे, मी काल परत येईन. सगळी पंगत हसून लोटपोट व्हायची, आणि आपण काय विनोद केला हे न कळून तेही हसायचे. घरी जाऊन ते या खुणा बायकोला, जुबेदाबींना शिकवायला बघत. त्या मात्र हात पदराखाली घेत. म्हणत, “मले नाई जमत. तुमाले येते ना, तुमीच सांगा तिले.” सुट्टीत शबाना घरी आली की आईचं म्हणणं बापाच्या हातांनी तिच्यापर्यंत पोचायचं. वर्षानुवर्षं तसंच चाललं.

करीमभाई देवमाणूस होते असं मात्र मी लिहिणार नाही. शबाना आठवीत असताना ते एकदा मधल्याच वारी आले. पुसदकडचं स्थळ आलं होतं, त्यांची आई हटून बसली होती. “पोरगी घरी घेऊन जातो मॅडम. किती दिवस ठेवता?” मी बोलले, मुख्याध्यापक बोलले. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि शेवटी शबानाची पेटी उचलून फाटकाकडे निघाले. शबाना रडली नाही. फाटकाशी ती बापाच्या समोर जाऊन उभी राहिली आणि हातांनी विचारलं, घरी माझ्याशी कोण बोलणार? त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. ती म्हणाली, तुम्ही दिवसभर गॅरेजात असता. आणि तिथं? तो माणूस बोलेल माझ्याशी? त्याला येतं का? करीमभाईंचे हात नुसतेच वर आले. पेटी खाली ठेवून ते तिच्यावरच बसून राहिले. बऱ्याच वेळाने उठले, पेटी परत वसतिगृहात नेऊन ठेवली आणि मला म्हणाले, “घरी काय सांगू, ते रस्त्यानं पाहतो.” त्यांच्या आईने पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी अबोला धरला. शबाना मात्र दहावी झाली, शिवणकामाचं शिक्षण घेऊन शाळेतच कामाला लागली.

तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांच्या गालात कायम असायचा. मी टोकलं की म्हणायचे, “सोडतो जी, एवढा सीझन होऊ द्या.” सीझन येत गेले. दोन वर्षांपूर्वी तोंडातली जखम भरेना म्हणून नागपूरला नेलं, तेव्हा फार उशीर झाला होता. ऑपरेशनमध्ये जबड्याचा एक भाग आणि जवळजवळ सगळी जीभ गेली. मी भेटायला गेले तर नाकात नळी, चेहऱ्याला पट्ट्या. त्यांच्या धाकट्या भावाने हातात पाटी दिली होती, पण लिहिणं त्यांना सहीपुरतंच यायचं. ते पाटीकडे आणि घरच्यांकडे नुसतं बघत होते. तेवढ्यात शबाना आत आली. त्यांनी पाटी बाजूला टाकली आणि बोलायला लागले. डॉक्टरची चाल, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं घोरणं, गॅरेजात अर्धवट खोललेलं इंजिन... एका हाताला सलाईन, म्हणून सारं दुसऱ्या हाताने. शबाना मध्येच दटावत होती, हळू बोला, कळत नाही. जुबेदाबी मला विचारत होत्या, “काय म्हणून राह्यले?” मी सांगत गेले. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “जीभ होती तेव्हा इतकं बोलले नाई कधी माह्यासंग.”

पुढे बरं वाटल्यावर ते एकदा शाळेत येऊन गेले. बाजारात लोक त्यांच्याशी ओरडून बोलायचे, जणू ऐकूही येणं बंद झालंय, त्यामुळे त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं होतं. इथे मात्र मुलांनी सरळ त्यांच्या तोंडाला वेढलेल्या रुमालाकडे बोट दाखवून विचारलं, हे काय झालं? त्यांनी रुमाल काढला, दाखवलं, आणि खर्रा घोटण्याची खूण करून कान पकडले. मुलांनी नीट पाहून घेतलं आणि मग आपापल्या घरच्या गोष्टी सांगायला बसली. त्या दुपारी ते फार खूश होते. आजार पुन्हा उलटला तो त्यानंतर.

परवा त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातेहाला महागावला गेले होते. त्याच दिवशी मुलींची शिवणकामाची परीक्षा होती, म्हणून शबानाला शाळेतून सुट्टी मिळाली नव्हती. पाहुणे गेल्यावर मी आणि जुबेदाबी स्वयंपाकघरात बसलो. त्यांनी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. रोज संध्याकाळी पोरीला लावतात म्हणाल्या. “दोन-चार खुणा जमतात आता. जेवली का, झोप, दार लाव... बाकी तीच बोलते, मी पाहतो.” मग त्यांनी विचारलं, “मॅडम, याद येते म्हणाचं तं कसं करा लागते?”

मी दाखवलं. कपाळाला बोट लावायचं आणि तो हात छातीशी आणायचा. ओढणीला हात पुसून त्यांनी दोनदा करून पाहिलं. फोन लागला. पलीकडे शबाना, मागे शिलाई मशीन. जुबेदाबींनी काही न विचारता आधी तेच केलं, कपाळ, मग छाती. शबानाने मुठीने पाना फिरवला. अब्बूंची?

जुबेदाबींनी मान हलवली. नाही. आणि पडद्यावरच्या पोरीकडे बोट केलं.